पांढऱ्या ओट्यावरचे डाग

घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. आमच्या घरात चुलीवरून कधी भांडण झालं नाही. झालं ते ओट्यावरून, आणि असं झालं की आता स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत उभी आहे. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे माझी धाकटी जाऊ. ही भिंत कुणामुळे आली असं घरात कुणालाही विचारलंत तर माझं नाव सांगतील. मीही हल्ली माझंच नाव सांगते. समजावत बसायचा मला कंटाळा आला आहे.

आधी ओटा एकच होता आणि तो स्टीलचा होता. सासरे पत्र्याचं काम करायचे. हॉटेलांची, खानावळींची स्वयंपाकघरं त्यांनी सजवली, आणि घरचा ओटाही स्वतःच्या हातांनी कापून, वाकवून, सांधे घासून बसवला. खिडकीपासून दारापर्यंत अखंड पत्रा. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला सगळ्यात आधी काय शिकवलं असेल, तर तो ओटा घासायला. पिळलेल्या लिंबाची फोड टाकायची नाही. ती मिठात बुडवायची आणि पत्र्याच्या बारीक रेघा ज्या दिशेने जातात त्याच दिशेने ओढायची. आडवं घासलं की ओरखडे आलेच. मग पाणी, मग कोरडं फडकं, आणि सगळ्यात शेवटी बोट. बोट ओढल्यावर कर्र वाजलं तर ओटा स्वच्छ, नाही वाजलं तर पुन्हा लिंबू. "डोळे फसवतात गं. बोट खोटं बोलत नाही," असं त्या म्हणायच्या.

माझं बोट त्यांच्या मनासारखं कधी वाजलं नाही. "हिचा हात जरा जड आहे," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला हसत सांगायच्या. हसत सांगितलेली गोष्ट लोकांच्या जास्त लक्षात राहते.

सासरे गेले आणि पुढच्याच वर्षी मोरीकडच्या बाजूने पत्रा कुजल्याचं निमित्त झालं. दोघा भावांनी स्वयंपाकघर नवं करायचं ठरवलं. माझ्या नवऱ्याला काळा ग्रॅनाइट हवा होता, कारण तो टिकतो आणि त्यावर काहीही ठेवा. दिराला जे धाकटीला हवं ते हवं होतं, आणि धाकटीला हवा होता पांढरा संगमरवर. तिने तो तिच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी घरी पाहिला होता. शेवटी डाव्या भिंतीला काळा आणि उजव्या भिंतीला पांढरा असा तह झाला. मधे जुन्या जेवणाच्या टेबलाचं जाड लाकूड ठेवलं, भाजी चिरायला. सासूबाईंना कुणी काही विचारलं नाही. पत्रा निघाला तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. भंगारवाला तो दुमडून नेऊ लागला तशा त्या पुढे झाल्या आणि त्यातला परातीएवढा एक तुकडा कापून मागितला. तो आम्ही भांडी निथळायला माझ्या बाजूला ठेवला.

सांगायला नको, काळी बाजू माझ्या वाट्याला आली. काळ्या दगडाचा स्वभाव मला लवकर कळला. तो मळत नाही, पण लपवतही काही नाही. पाण्याचा थेंब वाळला की त्याचा पांढुरका ठसा राहतो, म्हणून दर वेळी कोरडा पुसायचा. ते केलं की बाकी तो काही मागत नाही. मधल्या लाकडाला पाणी साचलेलं खपत नाही, आणि महिन्याकाठी जवसाचं तेल चोळावं लागतं. मागे एकदा माझ्या नवऱ्याने प्रेमाने त्यावर तळणाचं तेल चोळलं होतं. पुढचे कित्येक दिवस पोळपाटालासुद्धा खवट वास येत होता.

पांढऱ्याचं मात्र सगळंच वेगळं. त्याच्यावर गरम ठेवायचं नाही, रंगाचं ठेवायचं नाही, आंबटाचा तर थेंबही नाही. त्याचा साबण वेगळा, त्याचं फडकं वेगळं, ते फडकं धुवायची बादली वेगळी. धाकटीने मला उभं करून हे सगळं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "ओटा आणलास की जावई आणलास?" ती हसली नाही. सासूबाई हसल्या, पण त्यांना ते कितपत ऐकू गेलं होतं कोण जाणे.

हे मी थट्टेने सांगते आहे, पण मी तिचे सगळे नियम पाळले. लिंबू मी माझ्या बाजूला, ताटलीत कापत होते. पांढऱ्याकडे चहाचा कपसुद्धा नेत नव्हते. धाकटी सकाळी कामाला जायची ती दिवेलागणीला यायची, दोघे भाऊही बाहेर, आणि दिवसभर घरात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. तेव्हा काही बिघडलं तर बोट कुणाकडे जाणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला या घरात काही मोठं नको होतं. दागिना नको, मान नको. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला जावा, एवढंच हवं होतं. इतकी वर्षं राबल्यावर माणूस एवढं मागू शकतं असं मला वाटत होतं.

डाग पहिल्यांदा धाकटीलाच दिसले. डाग म्हणजे रंग नव्हे. दगडाची चकाकी जागोजागी गेली होती, ओलं असावं तसं दिसायचं आणि हात लावला तर कोरडं. खिडकीतून ऊन आलं की ते ठळक दिसायचे. तिने आधी स्वतःच पुसून पाहिलं, मग नवऱ्याला दाखवलं, आणि मग मला विचारलं.

"वहिनी, इथे काही सांडलं होतं का?"

"माझ्या हातून नाही."

"मी विचारतेय फक्त."

'फक्त' हा शब्द ज्याने काढला त्याला आधी दोन कानशिलात द्यायला हव्या होत्या. त्यानंतर ती रोज संध्याकाळी पर्स न काढता आधी ओट्याशी जायची आणि वाकून, तिरपी मान करून, उजेडात बघायची. डाग वाढत होते. चोर नसताना चोरासारखं वागायला लागायचं, याचा मला फार संताप यायचा, आणि तो संताप मी माझ्या काळ्या दगडावर काढायची. त्या दिवसांत तो फार छान चमकत होता.

मग तिने दगडाला पॉलिश करणारा माणूस बोलावला. सुट्टीचा दिवस होता, सगळे घरी होते. त्याने गुडघे टेकून, डोळा ओट्याच्या पातळीला आणून पाहिलं, अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हे आंबटाने झालंय. वर कसलीतरी खरखर पण आहे, मीठबिठ असेल."

"एकदा सांडल्याने एवढं होतं?" दिराने विचारलं.

"एकदा सांडून नाही होत, साहेब. हे घासलेलं आहे. रोज कुणीतरी घासतंय." मग त्याला बहुधा स्वयंपाकघरातली शांतता जाणवली, कारण तो घाईघाईने म्हणाला, "निघेल ते. मशीन फिरवली की निघेल. फक्त परत होऊ देऊ नका."

कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

आंबट आणि मीठ हे ऐकूनही मला तेव्हा उमगलं नाही, याचं आज नवल वाटतं. पण सासूबाई कामातून कधीच्या बाजूला झाल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, ऑपरेशनला त्या तयार नव्हत्या, आणि नवं स्वयंपाकघर झाल्यापासून त्या आत फारशा येतच नसत. निदान मी जागी असताना तरी मला दिसत नव्हत्या.

त्या आठवड्यात एका दुपारी मी औषधं आणायला निघाले आणि कोपऱ्यावरून परत आले, कारण चिठ्ठी घरीच राहिली होती. दार लोटलेलं होतं. आतून बारीक गुणगुणणं ऐकू आलं. सासूबाई पांढऱ्या ओट्याशी उभ्या होत्या. पदर खोचलेला, एका हातात लिंबाची फोड, शेजारी वाटीत मीठ. एका लयीत हात जात होता, खिडकीपासून दारापर्यंत, जसा त्या पत्र्यावर जायचा. त्या दगडाला कुठल्या रेघा नव्हत्या, पण त्यांच्या हाताला त्या सापडत होत्या. घासून झाल्यावर त्यांनी पाणी फिरवलं, फडकं फिरवलं आणि बोट ओढलं. बोट वाजलं नाही. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा फोड मिठात बुडवली.

मी दारातच थांबले. खरं सांगते, आधी मला राग आला नाही. गलबलून आलं. सगळं आयुष्य ज्या एका कामात ही बाई वाकबगार होती, ते काम घरातून भंगारात गेलं होतं, आणि ती ते दुसऱ्या ओट्यावर चोरून करत होती. राग आला तो नंतर, कोपऱ्यावर परत पोहोचल्यावर. कारण तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांनी माझ्या ओट्याला एकदाही हात लावला नव्हता. धाकटी दमून येते, तिचा ओटा लख्ख असावा, असं त्यांच्या मनात असणार. माझा ओटा वाचला तो त्यांना माझी तेवढी माया नव्हती म्हणून.

संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसले आणि हळूच म्हटलं, "आई, त्या पांढऱ्या दगडाला लिंबू चालत नाही. त्याने त्याची चमक जाते."

"मला कशाला सांगतेस?" त्या म्हणाल्या. "मी कशाला त्याला हात लावू?"

"तसं नाही. सहज सांगितलं."

"मला तर तो चांगला चमकताना दिसतो," त्या म्हणाल्या आणि दोन्ही हात चादरीखाली घेतले.

मी विषय वाढवला नाही. धाकटीला सांगायचं मनात आलं होतं, पण सांगून काय झालं असतं? तिने म्हातारीला स्वयंपाकघरात यायची बंदी केली असती. डोळे गेले, नवरा गेला, पत्रा गेला, आता तेवढंही गेलं असतं. मला वाटलं, आपण शहाण्यासारखं वागावं. लिंबूच हाताला लागलं नाही तर घासणार कशाने? म्हणून मी घरातली सगळी लिंबं आणि पिळलेल्या फोडी एका डब्यात घालून माझ्या कपाटात, कपड्यांमागे ठेवायला लागले. लागेल तेव्हा काढायचं, कापायचं, परत ठेवायचं. पॉलिशवाला येऊन मशीन फिरवून गेला, ओटा पुन्हा आरशासारखा झाला, आणि मला वाटलं सुंठीवाचून खोकला गेला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. सासूबाईंनी दोनतीन दिवस शोधाशोध केली आणि मग संध्याकाळी धाकटीला विचारलं, "घरात लिंबं येत नाहीत का हल्ली?" तिने मला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला गेले असताना ती वास घेत घेत माझ्या कपाटापर्यंत पोहोचली.

मी बाहेर आले तेव्हा डबा मधल्या लाकडावर उघडा ठेवलेला होता. भोवती सगळे बसले होते. वाळलेल्या फोडींना मीठ लागलेलं होतं, कारण काही फोडी मी त्या वाटीजवळूनच उचलल्या होत्या.

"हे काय आहे, वहिनी?" दिराने विचारलं. त्याचा आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर मलाही चढवता आला असता.

"लिंबं आहेत."

"कपाटात? कपड्यांमागे?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो लाकडावरची रेघ नखाने कोरत होता, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा. मग मी सासूबाईंकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. 'अरे, मी घासत होते,' एवढंच. कुणी त्यांना फासावर दिलं नसतं. फार तर धाकटी दोन दिवस गाल फुगवून बसली असती. मी इतके दिवस त्यांच्यासाठी तोंड शिवून बसले होते, आणि मला खात्री होती की आता त्या बोलतील.

"आई, तू तर दिवसभर घरात असतेस," दीर म्हणाला. "तू काही पाहिलंस का?"

सासूबाईंनी चेहरा आवाजाच्या दिशेने वळवला. मग समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "थोरलीचा हात पहिल्यापासून जड आहे रे. मुद्दाम नाही करायची ती. असतं एकेकाच्या मनात काहीतरी. तुम्ही तिला फार बोलू नका."

मला माफीसुद्धा त्यांनीच मिळवून दिली.

तेव्हा मी बोलले. जे आधी बोलायला हवं होतं ते तेव्हा बोलले. "आई घासतात तो ओटा. मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांचे हात बघा."

कुणीही हात बघितले नाहीत. बघितले असते तर दिसलं असतं, बोटांची टोकं पांढरी पडून भेगाळली होती. आंबट आणि मीठ रोज लागल्यावर दुसरं काय होणार? सासूबाईंनी हात मांडीवर उपडे ठेवले होते. आणि इतका वेळ गप्प बसलेला माझा नवरा तेव्हा बोलला.

"आईला मधे आणू नकोस," तो म्हणाला. "झालं ते झालं. पण तिच्यावर ढकलू नकोस."

इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या पाठीशी उभं राहायची वेळ त्याच्यावर एकदाच आली होती, आणि तो उभा राहिला, पण दुसरीकडे. मी वाद घातला नाही. डबा उचलला, लाकूड पुसलं, आणि आत जाऊन कपाटाचं दार लावून घेतलं. रडू आलं नाही. तोंडात आंबट चव मात्र पुढे कितीतरी दिवस राहिली.

भिंत धाकटीने मागितली. भांडून नाही, अगदी गोड बोलून. रोज उठून संशय नको, नाती टिकली पाहिजेत, दूर राहिलं की प्रेम राहतं, असं बरंच काही. गवंडी आला, मधलं लाकूड उचलून माझ्या बाजूला सरकवलं, विटा चढल्या. पांढऱ्या ओट्याला मागच्या अंगाने वेगळं दार झालं आणि त्याला कुलूप.

सासूबाईंनी कुठे राहायचं, हा प्रश्न भिंतीला गिलावा होत असताना निघाला. धाकटी माझ्याजवळ आली, माझा हात हातात घेतला. "वहिनी, आईंना तुमच्याकडेच ठेवा. आमच्याकडे दिवसभर कुणी नसतं. आणि तुमच्याइतकं त्यांचं कुणी करणार नाही."

दगड माझ्या भरवशावर ठेवायची तिला भीती होती. आई ठेवायची नव्हती. मी हे तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तुम्ही सगळं मनाला लावून घेता."

तर आता आम्ही पुन्हा दोघीच असतो. मी त्यांना जेवायला वाढते, डोळ्यांत थेंब घालते, आंघोळीला पाणी काढून देते. त्या दिवसाबद्दल त्या बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. दुपारी भिंतीपलीकडून कसलाही आवाज येत नाही. तरी त्या तिकडे तोंड करून बसतात आणि मधूनच अंगठ्याने बोटाची टोकं चोळतात. भेगा भरल्या आहेत. बोटं अगदी मऊ झाली आहेत.

काल दुपारी मला त्यांची कीव आली, किंवा त्यांना डिवचावंसं वाटलं असेल, दोन्हींत फार फरक उरलेला नाही. मी एक लिंबू कापलं, पिळलं, फोड मिठाच्या वाटीत ठेवली आणि त्यांना धरून माझ्या ओट्याशी उभं केलं. शेजारी तो पत्र्याचा तुकडाही होता, भांड्यांखालचा. तो मी रिकामा करून ठेवला होता.

"घ्या, आई. घासा. इथे कुणी काही म्हणणार नाही."

त्यांनी फोड हातात घेतली. आधी पत्र्याच्या तुकड्यावरून हात फिरवला, त्याची कापलेली कड चाचपली आणि सोडून दिला. मग काळ्या दगडावर तळवा ठेवला. बोट ओढलं. ते वाजलं, स्वच्छ, खणखणीत. इतक्या वर्षांत मी घासलेल्या ओट्यावर त्यांचं बोट पहिल्यांदाच वाजलं होतं. त्या काहीतरी बरं बोलतील असं मला वाटलं, आणि तसं वाटल्याबद्दल मला स्वतःचाच राग आला.

"याला काय घासायचं?" त्या म्हणाल्या. "तू ठेवतेस की चांगला."

फोड त्यांनी वाटीत परत ठेवली. मग मी विचारलंच.

"आई, त्या दिवशी माझं नाव का घेतलंत?"

मला वाटलं त्या नाकारतील. पण त्यांनी नाकारलं नाही. ओट्याच्या कडेला धरून त्या उभ्या होत्या, चेहरा भिंतीकडे.

"धाकटीला कळलं असतं तर ती माझ्याशी पुन्हा कधी बोलली नसती गं. तिचं मन नाजूक आहे. निघून गेली असती माझ्या पोराला घेऊन." मग अगदी सरळ, हिशेब समजावून सांगावा तसं त्या म्हणाल्या, "तू कुठे जाणार आहेस?"

मी वाटी उचलली. फोड कचऱ्यात टाकली, मीठ मोरीत सोडलं, वाटी विसळली. ओट्यावर दोन थेंब उडाले होते, ते वाळायच्या आत कोरडे पुसले. मग त्यांना खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्या चहाचं आधण ठेवलं. त्यांना साखर कमी लागते, दूध जास्त.